माठातला पेशंट

ज्या माणसाने उभी हयात बैलांच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घालण्यात काढली, तो माणूस बोटभर माशाला हात लावायला घाबरतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आमचे नगरचे घरमालक गुरांचे सरकारी डॉक्टर होते. धिप्पाड देह, खाकी पँट, खांद्यावर एक कळकट टॉवेल, आणि आवाज असा की त्यांनी ओसरीतून ‘अगं’ म्हणून हाक मारली की त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, जोडीने शेजारच्या दोन-तीन बायकाही वळून बघायच्या. अशा माणसाला मी एका सकाळी स्वयंपाकघरात, पिण्याच्या पाण्याच्या माठात तोंड घालून ‘राजा, असं नाही करायचं, श्वास घे, श्वास घे’ असं विनवताना पाहिलं. माठात मासा होता आणि शेजारी काकू हातात उलथनं घेऊन उभ्या होत्या.

पण माठापर्यंत येण्याआधी डॉक्टरांची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर तुम्ही त्यांना वेडे समजाल. ते वेडे नव्हते. विक्षिप्त होते, आणि दोन्हींत फरक असतो.

मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायला म्हणून नगरला आले, तेव्हा सावेडी म्हणजे चार बंगले, आठ बाभळी आणि मधे नुसता माळ होता. देवळाली प्रवऱ्याहून वडील मला पोचवायला आले होते. खोल्या पसंत पडल्या, आता भाड्याचं बोलू म्हटल्यावर डॉक्टरांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्याच्याखाली हात घालून माझ्यापुढे धरला. मी गोंधळले, वडील माझ्याहून जास्त गोंधळले. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात डॉक्टरांची वर्षानुवर्षं ड्यूटी असायची. तिथे बैलाची किंमत तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात, म्हणजे भोवतीच्या गर्दीला आकडा कळत नाही. डॉक्टरांना ती सवय अंगी इतकी मुरली होती की व्यवहार म्हटला की हात आपोआप टॉवेलाखाली जायचा. समोर परकी मुलगी आहे हे ध्यानात आल्यावर त्यांनी हात मागे घेतला आणि ‘अगं’ करून काकूंना बाहेर बोलावलं. मग टॉवेलाखाली काकूंनी माझी बोटं दाबली, मी त्यांतलं एक सोडवून घेतलं, काकू म्हणाल्या, “बरं बाई,” आणि भाडं ठरलं. डॉक्टर एवढ्यात माझ्याभोवती एक फेरी मारून आले होते.

“पोरगी चांगली आहे,” ते वडिलांना म्हणाले. “पाठ सरळ आहे.”

“अहो, ती शिक्षिका आहे,” काकू म्हणाल्या.

“असू दे. पाठ सरळ ती सरळच.”

त्यांचा धंद्याचा एकच नियम होता: बघितल्याशिवाय शिवायचं नाही. जनावर पुढ्यात आलं की हात पाठीमागे बांधून ते त्याच्याकडे नुसते बघत राहायचे. मालक घाई करायचा, डॉक्टर ढिम्म. ते कान कुठे वळलेत, जीभ कशी आहे, बसताना आधी कुठला पाय दुमडतो ते पाहायचे आणि मगच अंगाला हात लावायचे. हाच नियम ते माणसांनाही लावत, आणि तिथे घोटाळे होत. शेजारच्या बंगल्यात मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून राहत. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. डॉक्टरांनी कुंपणाशी उभं राहून मुलाला फाटकापासून ओसरीपर्यंत चालताना नीट पाहिलं आणि आपल्या नेहमीच्या आवाजात निर्णय दिला, “मुलगा बरा आहे, पण मागच्या पायात जोर नाही.” लग्न ठरलं, पार पडलं, जावई पुढे चांगला निघाला, पण अव्वल कारकुनांनी डॉक्टरांशी बोलणं टाकलं ते टाकलंच. बोलले तर तिरकसच बोलायचे.

डॉक्टरांना त्याचं काही वाटत नसे. त्यांना कशाचंच काही वाटत नसे, असं मी पहिली दोन वर्षं समजत होते. घटसर्प असो, लाळ्या-खुरकत असो, गाय अडलेली असो, हा माणूस सायकलवर टांग मारून निघायचा आणि जाताना एकच वाक्य बोलायचा, “जनावर उठतंच. उठवणाऱ्याने बसायचं नाही.” इतक्या ठामपणे बोलणारी माणसं मला आवडतात. माझं स्वतःचं तसं असल्यामुळे असेल.

मासा त्यांच्याकडे आला तो एका साहेबांच्या बदलीमुळे. साहेबांकडे काचेची मोठी पेटी आणि तिच्यात एक तांबूस सोनेरी मासा होता. सामानाच्या ट्रकात काच टिकणार नाही म्हणून जाताना त्यांनी ती डॉक्टरांच्या गळ्यात घातली. तुम्ही जनावरांचे डॉक्टर, म्हणजे मासाही तुमच्याच खात्यात, असा साहेबी हिशेब. पेटीवरची जाळी आणताना वाटेतच मोडली.

काकूंच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पौरोहित्य. त्यांनी पेटीकडे एकदा बघितलं आणि नाकाला पदर लावला.

“अगं, हा खायचा मासा नाही. बघायचा आहे,” डॉक्टर म्हणाले.

“बघायला घरात देव आहेत.”

पेटी ओसरीत राहिली. काकू तिच्यावरून नजर न टाकता जायच्या यायच्या. पण मासा आपला रोज सकाळी त्यांच्या बांगड्या वाजल्या की काचेशी येऊन उभा राहायचा. महिन्याभराने काकू भाताचं शीत बोटाच्या टोकावर घेऊन पेटीजवळून अगदी सावकाश जाताना मला दिसल्या.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. पाऊस आला नाही आणि पुढचा उन्हाळा दत्त म्हणून उभा राहिला. मी पाटाच्या पाण्यावर वाढलेली, उसाच्या गावची मुलगी. पाणी संपतं म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. ते सावेडीत कळलं. नळ कोरडे पडले, टँकर यायला लागले, टँकरच्या पाण्याला जंतुनाशक पावडरचा असा वास की तोंड धुतलं तरी डोळे चुरचुरायचे. पोळ्या गेल्या, रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी आल्या. आणि सावेडीच्या पुढच्या माळावर गुरांची छावणी लागली. डॉक्टर सकाळी छावणीवर जायचे ते दिवेलागणीला परत यायचे, आणि दर दिवशी त्यांचा आवाज थोडा खाली आलेला असायचा.

छावणीवर चारा यायचा तो कमी आणि उशिरा. वरून नियमाने यायच्या त्या इंजेक्शनांच्या पेट्या. शक्तीची इंजेक्शनं, तापाची इंजेक्शनं. आणि आमच्याकडच्या शेतकऱ्याचा विश्वास कशावर असेल तर सुईवर. गोळी दिली तर तो डॉक्टर हलका, सुई टोचली तर तो खरा. त्यामुळे बसलेला बैल पाहिला की मालक म्हणायचा, “सुई टोचा,” डॉक्टर टोचायचे, मालकाला धीर यायचा आणि तो खडी फोडायला दुष्काळी कामावर निघून जायचा. संध्याकाळी परत येईपर्यंत बैल कधी असायचा, कधी नसायचा.

एक दिवस डॉक्टर आले आणि जेवायला बसलेच नाहीत. ओसरीच्या पायरीवर बसून राहिले. काकूंनी बऱ्याच वेळाने विचारलं तेव्हा सांगितलं. पाथर्डीकडची एक म्हातारी होती. तिचा एकच बैल राहिलेला. सकाळी सुई दिली तेव्हा तिने विचारलं होतं, उठंल ना? डॉक्टर नेहमीसारखं म्हणाले, उठतोच. संध्याकाळी म्हातारी खडीवरून परत आली तेव्हा बैल गेलेला होता. ती रडली नाही, भांडली नाही. बैलाच्या शिंगांवरून हात फिरवत तिने अगदी साधेपणाने विचारलं, “डाक्टर, सुई पातळ हुती काय ओ?”

“शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं,” डॉक्टर म्हणाले. काकू त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या. मी माझ्या खोलीच्या दारात उभी होते.

दुसऱ्याच दिवशी सकाळी कावळ्याने माशाला चोच मारली. त्या उन्हाळ्यात पाखरं पाण्यासाठी कुठेही शिरत होती. कावळा ओसरीत आला, उघड्या पेटीच्या काठावर बसून पाणी प्यायला लागला, पुढ्यात मासा आला तशी त्याने चोच घातली. माझ्या ओरडण्याने तो उडाला, पण उडताना मासा फरशीवर पडला. पाठीवरचे खवले गेलेले, वरचा पर फाटलेला, आतलं लालभडक मांस दिसत होतं. डॉक्टर अंघोळीच्या तांब्यासकट धावत आले. मी म्हटलं, “उचला ना!” तर हा माणूस हात पुढे करायचा आणि मागे घ्यायचा. “चिरडला जाईल गं माझ्या हातात,” ते म्हणाले. शेवटी मीच त्याला ओंजळीत धरून पेटीत सोडलं. तो एका कुशीवर तरंगत राहिला.

डॉक्टर हात पाठीमागे बांधून त्याच्याकडे बघत राहिले, खूप वेळ. मग वळून काकूंना म्हणाले, “हा जर गेला तर मी सुई खाली ठेवली. राजीनामा लिहून मोकळा होतो. एवढंसं जनावर जगवता येत नसेल तर लोकांच्या बैलांना हात लावायचा मला हक्क नाही.”

दुपारी काकू माझ्या खोलीत आल्या. “हे बोलले म्हणजे करणार,” त्या म्हणाल्या. “आणि काम सोडून घरात बसले तर हा माणूस दिवाळी बघायचा नाही. तुला सांगते, तो मासा जगलाच पाहिजे.” ज्या बाईने पेटीकडे कधी सरळ बघितलं नव्हतं तिच्या तोंडचे हे शब्द. तेव्हापासून त्या घरात मासा हा मासा राहिला नाही.

उपचार सुरू झाला तो गणिताने. बैलाला कुठलं औषध किती द्यायचं ते डॉक्टरांना तोंडपाठ होतं. माशाला किती, ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

“मास्तरीणबाई, त्रैराशिक मांडा. एका बाजूला खिल्लार बैल, दुसऱ्या बाजूला दोन सुपाऱ्यांच्या वजनाचा मासा. बैलाला हे एवढं, तर माशाला किती?”

मी मांडलं, सोडवलं आणि सांगितलं, “डॉक्टर, सुईच्या टोकावर जेवढं चिकटून राहील त्याच्याहूनही कमी.”

“म्हणजे किती?”

“म्हणजे काही नाही.”

“गणित पुन्हा कर.”

“माझं गणित चुकत नाही.”

ते खरंच चुकत नसे. डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. “मग काही नाही तर काही नाही. स्वच्छ पाणी आणि चिमूटभर खडेमीठ. जखम कुणाचीही असो, मिठाला घाबरते.”

“मीठ आहे माझ्याकडे,” आतून काकू म्हणाल्या.

आणि इथे डॉक्टरांनी चूक केली. जखमेला ताजं पाणी हवं म्हणून दुसऱ्या सकाळी टँकर आल्या-आल्या त्यांनी पेटीतलं सगळं पाणी काढलं आणि टँकरचं ताजं पाणी ओतलं. मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करायला लागला, कल्ले धापा टाकल्यासारखे उडायला लागले. डॉक्टरांनी बोट पाण्यात बुडवून हुंगलं आणि ओरडले, “पावडर!” काल ज्याला शिवायची छाती होत नव्हती त्याला त्यांनी दोन्ही हातांत उचललं आणि ते घरात पळाले. पेटीतलं जुनं पाणी मघाशीच अंगणात ओतून टाकलेलं. घरात दुसरं पाणी होतं ते फक्त काकूंच्या माठात, आदल्या दिवशी गाळून भरून ठेवलेलं. डॉक्टरांनी माठावरचं झाकण कोपराने उडवलं आणि मासा आत सोडला.

मग ते विनवणं सुरू झालं, जे मी आधी सांगितलं.

काकू चुलीपाशी होत्या. सोवळ्यातला माठ, भर दुष्काळात, त्यात मासा. काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली, ती दोन्ही बाजूंनी नीट भाजून घेतली आणि मग त्या म्हणाल्या, “मी आता पाणी कुठलं पिऊ?”

“माझ्या वाटणीचं पी,” माठातून आवाज आला.

“तुमच्या वाटणीचं त्यातच होतं.”

डॉक्टरांनी डोकं बाहेर काढलं. हनुवटीवरून पाणी गळत होतं. “जगला गं,” ते म्हणाले. “कालचं पाणी होतं म्हणून जगला. पावडर उडून गेलेली होती.” काकूंनी माठात वाकून बघितलं, मग देवघरातून तांब्याचा मोठा कलश आणला आणि आजपासून पिण्याचं पाणी ह्यात, असं जाहीर केलं. माठ माशाला मिळाला. नंतर मी सुचवलं की आता पेटीत हलवू या, तर काकूच म्हणाल्या, “राहू दे. काचेपेक्षा थंड आहे, आणि कावळा चुलीपर्यंत यायचा नाही.”

माठ थंड होता, आत अंधार होता, कुणाची वर्दळ नव्हती. आजाऱ्याला आणखी काय लागतं? डॉक्टरांनी छावणीवरून रजा काढली आणि माठाचा दवाखाना थाटला. टँकरचं पाणी परातीत एक दिवस उघडं ठेवायचं, पावडर उडाली की ते माठात, माठातलं फरशी पुसायला. त्यात मीठ असल्यामुळे ते तुळशीला घालायला काकूंची बंदी होती. पाणी किती घ्यायचं ते दोघं रोज स्वयंपाकघराच्या दारात टॉवेलाखाली ठरवायचे. माणसं तहानलेली असताना माशाला किती तांबे, हे मोठ्याने बोलायची काकूंना लाज वाटायची. डॉक्टर बोटं दाबायचे, काकू सोडवून घ्यायच्या, दोघांचे चेहरे बाजारातल्या दलालांसारखे कोरे. अखेर तोडगा डॉक्टरांनी काढला. त्यांनी अंघोळ आणि दाढी बंद केली, ते पाणी माशाच्या खात्यात जमा केलं. काकूंच्या नाकाला ते इतकं महागात पडलं की त्या डॉक्टरांचं पान ओसरीत मांडायला लागल्या.

डॉक्टरांनी कुंपणाच्या भिंतीवर एक खापर ठेवून त्यात पाणी ओतायलाही सुरुवात केली होती.

“अहो, ज्याने चोच मारली त्यालाच पाणी?” काकू म्हणाल्या.

“तहान भागली असती तर तो ओसरीत शिरला असता कशाला?”

अव्वल कारकून हे सगळं कुंपणापलीकडून बघत होते. एकदा मला अडवून म्हणाले, “काय हो बाई, तुमच्या मालकांचा मासा म्हणे माठातलं गार पाणी पितो? आमच्या घरी पाहुण्याला अर्धा पेला देतो आम्ही.” त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच मला राग आला. “तुम्ही पाहुण्यांना काय देता ते आम्हाला ठाऊक आहे,” मी म्हटलं आणि पुढे गेले.

मधे दोन दिवस वाईट गेले. जखमेवर पांढरी, कापसासारखी बुरशी धरली आणि मासा तळाला जाऊन बसला. काकू पोथी घेऊन माठाजवळ बसल्या. डॉक्टर आरसा धरून उन्हाचा कवडसा माठात पाडायचे आणि बघत राहायचे. राजीनाम्याचा कोरा कागद त्यांच्या मेजावर मी पाहिला होता. पण पाणी बदलत राहिलो आणि बुरशी हळूहळू सुटली. एका सकाळी काकूंच्या बांगड्या वाजल्या तसा मासा वर आला. पाठीला खळगा पडलेला, पोहताना जरा डावीकडे झुकायचा, पण शीत मागायला वर आला.

“जगला,” काकू म्हणाल्या. “आता अंघोळ करा, बॅग घ्या आणि चालते व्हा छावणीवर.”

डॉक्टर जागचे हलले नाहीत. “जगला खरा. पण त्यात माझी डॉक्टरकी कुठे आली? मीठ तुझं, माठ तुझा, हिशेब मास्तरीणबाईंचा. मी फक्त पाणी बदललं. ते तर शेजारचे अव्वल कारकूनही करू शकतील.”

“म्हणजे गेला असता तरी राजीनामा आणि जगला तरी राजीनामा?” काकूंचा आवाज प्रथमच चढला. डॉक्टर बाहेर ओसरीत जाऊन बसले. मेजावरचा कागद अजून तिथेच होता. माझी तर खात्री पटत चालली की आता हा माणूस बसला तो बसला.

दोन-तीन दिवस असेच गेले. मग रविवारी सकाळी एक शेतकरी फाटकातून आत आला. शेवगावकडचा, डोक्याला मुंडासं, हातांना खडीच्या धुळीचा थर.

“डाक्टर हायेत का? माजा बैल बसलाय कालधरनं. सुई पायजे.”

“मी रजेवर आहे,” डॉक्टर म्हणाले.

“आजारी हाय व्हय तुमी?”

“ते धडधाकट आहेत,” काकू आतून येत म्हणाल्या. “पेशंट आजारी होता. तोही आता बरा आहे.”

“कुटं हाय जनावर?”

“माठात.”

तो थट्टा समजला. मग काकूंनी त्याला आत नेलं आणि माठ दाखवला. तो आत वाकला तसा मासा वर आला. “आयला, लई बारीक जनावर हाय की! काय झाल्तं?”

“कावळ्याने फाडला होता,” मागून येत डॉक्टर म्हणाले.

“मंग एवढ्याशाला सुई कुटं टोचली?”

“नाही टोचली.”

“मंग दिलं काय?”

“काही नाही. पाणी.”

“नुस्तं पानी?”

“नुसतं पाणी. तो जिथे पडून होता तिथे नेऊन.”

“व्हय का,” तो म्हणाला आणि कौतुकाने पुन्हा माठात बघायला लागला. स्वतःच्याच तोंडातून काय निघालं ते ऐकत असावेत असा डॉक्टरांचा चेहरा झाला होता. मग त्यांनी विचारलं, “तुझा बैल छावणीच्या हौदापासून किती लांब बसलाय?”

“लांबच हाय. त्या टोकाच्या बाभळीखाली.”

“दिवसा पाणी कोण पाजतं त्याला?”

“कोन पाजनार? मी खडीवर असतो. सांजंला आलो की पाजतो, हौदात उरलं आसलं तर. उबी जनावरं समदं पिऊन जात्यात. बसल्यालं कसं जाईल हौदावर?”

डॉक्टर माठाशेजारी खाली बसले. “म्हातारीचा बैलसुद्धा त्याच टोकाला होता,” ते काकूंना म्हणाले. “मी रोज वाकून त्याला सुई दिली. रोज! आणि त्याची जीभ कोरडी पडलीय हे मी बघितलं नाही. तो मागे सुई मागणारा मालक, आणि माझ्या हातात सुई. बघायचंच राहिलं माझं.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. शेतकरी बिचारा घाबरला. त्याला वाटलं आपल्याच बोलण्याने काही वावगं झालं.

मग ते उठले ते एकदम पूर्वीचे डॉक्टर होऊन उठले. न्हाणीघरातून बादली घेतली, बाहेर येऊन सायकलच्या हँडलला अडकवली.

“अहो, बॅग राहिली!” काकूंनी हाक मारली.

“राहू दे. आज बादली पुरे.”

काकूंनी आत जाऊन दुसरी बादली आणली, चपला पायात सरकवल्या, पदर खोचला आणि सायकलच्या कॅरिअरवर जाऊन बसल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या सायकलवर बसत होत्या, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मी माझी बादली धावत जाऊन शेतकऱ्याच्या हातात दिली. “माठातलं पाणी बदल गं,” काकू मला म्हणाल्या, “आणि ते परातीतलं घे, टँकरचं नको.”

वाढलेली दाढी, पारोसा अवतार, मागे मांडीवर बादली घेतलेल्या काकू, मागोमाग लगबगीने चालणारा मुंडासेवाला, अशी ही वरात फाटकातून निघाली. अव्वल कारकून कुंपणाशी उभेच होते. त्यांनी बादल्या पाहिल्या.

“काय डॉक्टर, मासा सोडायला निघालात?”

डॉक्टरांनी सायकल थांबवली, एक पाय जमिनीला टेकवला. आवाज पूर्वीसारखाच, अख्ख्या सावेडीला ऐकू जाईल असा.

“बसलेल्या बैलांना पाणी पाजायला निघालोय. चला तुम्हीही. बादली घेऊन या.”

अव्वल कारकून चपापले. इकडे तिकडे बघत म्हणाले, “आमची बादली गळकी आहे हो.”

“असू दे गळकी,” डॉक्टर पायडलवर पाय ठेवत म्हणाले. “तुम्हाला हौदाजवळचा बैल देतो.”